कॉलर थोडी झिजलेली

रिक्षा मळ्याच्या मेरेवर येऊन थांबली तेव्हा मी बुजगावण्याच्या कुर्त्याची बटणं लावत होते.

हे बुजगावणं पाखरांसाठी नव्हतं. एक उभा बांबू, एक आडवा, त्यावर गच्च बांधलेला पेंढा आणि खांद्यांच्या जागी जुनी उशी... असा हा माझा मॉडेल. मी जुने कपडे विकते. घराघरांतून गाठोडी घ्यायची, धुवायची, उसवलेलं शिवायचं, तुटलेली बटणं लावायची आणि फोटो काढून मोबाइलच्या ॲपवर टाकायचे. शहरातले विकणारे शर्ट हँगरला अडकवतात, मग तो फासावर दिल्यासारखा दिसतो. माझा शर्ट भात कापलेल्या मळ्यात, सकाळच्या उन्हात, हात पसरून उभा असतो. फोटो मी मानेखालीच कापते. डोकं काय, घेणारा आपलं घालतो.

रिक्षातून एक म्हातारी उतरली. एका पायातली चप्पल मेरेच्या बांधावरच राहिली आणि ती तशीच, कापलेल्या भाताचे खुंट तुडवत, धावत सुटली.

"निलेशा! अरे माझ्या झिला!"

मी बाजूला व्हायच्या आत तिने बुजगावण्याला मिठी मारली. बांबू कडाडला. ती, पेंढा आणि एका गिऱ्हाइकाने मागितलेला तो कुर्ता, सगळंच खाली आलं. मला आधी हसू फुटलं, हे खरंच. मग मी तिचा चेहरा पाहिला.

मागून एक तरुण धापा टाकत आला. "आई, ऊठ... आई, तो नाही." मग माझ्यापुढे मोबाइल धरून, एखाद्या साहेबाने फायलीवर विचारावं तसं विचारलं, "ही जाहिरात आपणच टाकली आहे का?"

आपणच! मी पाहिलं. माझाच फोटो, माझाच मजकूर. 'निळ्या चौकड्यांचा शर्ट. साइझ चाळीस. कॉलर उलटून शिवलेली, थोडी झिजलेली. बाकी उत्तम.'

"ती कॉलर मी उलटून शिवलंय," म्हातारी पेंढ्यातून म्हणाली. "निळो धागो सरलो म्हणान पांढरो घातलंय. माझो झिल हयच उभो होतो. फोटोत बघितलंय मी. खंय आसा तो?"

"काकी," मी खाली बसले, "फोटोत... ह्योच होतो." आणि मोडलेल्या बांबूकडे बोट दाखवलं.

तिने बांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नाही. फोटोत नसलेलं डोकं तिने स्वतःच लावून घेतलं होतं, आणि ते काढायला ती तयार नव्हती.

"आणि त्येच्या अंगातलो शर्ट काढून त्येका खंय धाडलंस?"

शर्ट आठवड्यापूर्वीच सांगलीला गेला होता.

रिक्षात तिला बसवून, पाणी देऊन झाल्यावर तो तरुण सगळं सांगता झाला. नाव सर्वेश. नदीपलीकडच्या गावातला, ओरोसला एका कचेरीत कंत्राटावर टायपिंग करणारा. निलेश त्याचा मोठा भाऊ. गेल्या आषाढात कॉजवेवरून पाणी जात असताना त्याने मोटरसायकल घातली. रोजचीच वाट, म्हणून घातली. मोटरसायकल खाली चिवारीच्या, बारीक बांबूच्या बेटात अडकलेली मिळाली. निलेश मिळालाच नाही.

"मी जेवताना मोबाइल बघत होतो. शर्ट दिसला आणि घास हातातच राहिला. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही."

मी ऐकत होते, पण माझी सवय वाईट. माणूस बोलत असला तरी माझी नजर आधी त्याच्या कपड्यांवर जाते. त्याच्या शर्टाच्या खांद्याची शिवण दंडावर उतरलेली होती आणि बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी आणलेल्या होत्या. हा माणूस दुसऱ्याच्या मापात राहतोय, असं मनात आलं. आणि हेही आलं, की डोळे मात्र नेमके त्याच्याच मापाचे आहेत.

*

निलेशचे कपडे माझ्याकडे आले कसे, ते मी त्या दिवशी म्हातारीसमोर बोलले नाही. पुढच्या शनिवारी सर्वेश उरलेले कपडे न्यायला आला, तेव्हा सांगितलं. कुडाळच्या स्टँडवर एका बाईने दोन पिशव्या माझ्या हातात दिल्या होत्या. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. म्हणाली होती, "घोव दुबईक आसा. थंयचेच कपडे वापरता आता." मी तिला घासाघीस केली नव्हती, कारण तीही करत नव्हती. जे घासाघीस करत नाहीत त्यांना कपड्यांचे पैसे नको असतात, कपडे नको असतात. एवढं मला कळतं.

"किशोरीवहिनी," सर्वेश म्हणाला. रागावला नाही. मळ्याच्या टोकाला बगळे उतरले होते, तिकडे बघत राहिला. "आई रोज सकाळी दादाचा शर्ट-पँट इस्त्री करून खुर्चीवर काढून ठेवायची. येईल आणि घालील म्हणून. संध्याकाळी वहिनी तेच घडी करून पुन्हा कपाटात. रोज. मी तिच्या जागी असतो तर जाळले असते... तिने निदान विकले. उरलेले राहू देत तुमच्याकडेच, नेले तर पुन्हा खुर्ची भरेल."

"ओरोस सोडल्यावर तरी मालवणी बोलतास की नाय तुम्ही?"

तो पहिल्यांदा हसला. "दिवसभर 'अर्ज परत करण्यात येत आहे' टाइप करतो. मग घरी भाकरी मागतानापण तेच तोंडात येतं."

"भाकरी परत करण्यात येत नाही ना?"

"आमच्याकडे सध्या... येते. आई जेवत नाही."

असं होतं त्याच्याशी बोलणं. हसताहसता एकदम पायाखाली पाणी लागायचं.

मी विषय बदलला. "तुमच्या आवशीन माझो मॉडेल मोडल्यान. त्येची भरपाई?"

"बांबू आणून देतो."

"बांबू आमच्या परड्यात आहेत. उभा राहणारा पाहिजे. आज पाच शर्टांचे फोटो काढायचे आहेत."

त्याने मोडक्या बांबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डोकं कापणार ना?"

"तेच तर बरं आहे. मानेखाली तुम्ही ठीक आहात."

अशी आमची ओळख वाढली. प्रेमकथेत माणसं समुद्रावर हिंडतात, तारकर्लीला जाऊन नारळपाणी पितात. आमचं सगळं मळ्यातच, अंगात दुसऱ्यांचे कपडे घालून. दर शनिवारी तो येई. मी त्याला एकामागून एक शर्ट घाली, कॉलर सरळ करी, बटणं लावी. वरचं बटण लावताना तो श्वास धरून ठेवायचा. मला ते कळायचं, आणि मी ते बटण मुद्दाम सावकाश लावायची. गिऱ्हाइकं वाढली. एका बाईने तर लिहिलं, 'मॉडेलचा नंबर मिळेल का?' मी उत्तर दिलं, 'मॉडेल विक्रीला नाही.' पाठवल्यावर माझ्याच गालांना झळ लागली.

फक्त निलेशचा एकही शर्ट त्याने अंगात घातला नाही. तो घरून घालून यायचा ते कपडेही आता बदलले होते. नवा शर्ट, खांद्याची शिवण खांद्यावर.

शिमग्याच्या आधी एक दिवस आभाळ अवेळी फुटलं. आम्ही दोघं हातात सापडतील ते कपडे घेऊन मळ्यातल्या खोपीत पळालो. आंब्याचा मोहोर झडताना दिसत होता. सगळा गाव त्या वेळी आपापल्या दारात उभं राहून हळहळत असणार, आणि मी मात्र मनात म्हणत होते... थांबू नको रे, थोडा वेळ थांबू नको.

"लहानपणी माका सगळा दादाचाच मेळला," तो म्हणाला. कचेरीतली भाषा कधी गळून पडली होती कोण जाणे. "चड्डी, दप्तर, सायकल. दादा वाढलो की त्येचा उतारलेला माझ्या अंगार. शाळेत बाई माका निलेश म्हणानच हाक मारीत."

"नवीन, तुझ्यासाठीच असा, काय मेळलाच नाय?"

"आजून नाय."

"शोधतंस?"

"शनवारी शनवारी."

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की हे मी ऐकलं नाही असं सहज दाखवता आलं असतं. मी तसं दाखवलं नाही.

*

चैत्रात त्याच्या घरी निलेशच्या क्रियेचं निघालं. सर्वेशचे चुलते भाई, घरातले वडीलधारे, त्यांनीच काढलं. माणूस वाहून गेला, देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देऊन बारावं-तेरावं करतात. भटजीही तेच म्हणाले. सर्वेशच्या आईने, मथुराकाकींनी, एकच अट घातली. पुतळ्याला निलेशच्या अंगातला कपडा हवा. आणि तोही कुठला? कॉलर उलटलेला. बाकीचे किशोरीच्या पसंतीचे, दुकानातले. तो एकच आपल्या हातचा.

"तिका म्हाईत आसा तो सांगलीक गेलो," सर्वेश म्हणाला. "परत येवचो नाय म्हणानच मागता."

"आणि आला तर?"

"तर दादा सुटात. वयनी सुटात. आवस पण... कधीतरी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मागवशीत?"

मी सांगलीच्या बाईला फोन लावला. तिने शर्ट वडिलांसाठी घेतला होता. खोटं बोलणं सोपं होतं. चुकून दुसरा माल गेला, बदलून देते, असं म्हटलं असतं तर झालं असतं. पण त्या शर्टासाठी एक आई उपाशी बसली होती. मी खरं सांगितलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं... "माझ्या बाबांनी तो घातला होता!"

तिने शर्ट त्याच दिवशी परत पाठवला आणि ॲपवर माझ्या नावाखाली लिहिलं, 'ही मेलेल्या माणसांचे कपडे विकते.'

तिला मी दोष देत नाही. आपल्याकडे गेलेल्याचा कपडा कोणी अंगाला लावून घेत नाही. पण त्यानंतर ॲपवर एकेक ऑर्डर रद्द होत गेली. गावातही कळलं. ज्या बाया दारात बोलावून गाठोडी देत, त्या दार अर्धं उघडून म्हणू लागल्या, "आता काय नाय गो बाय." मी धुतलेल्या कपड्यांची दोरी भरलेली आणि विचारायला कोणी नाही.

"झाला समाधान?" माझी आई म्हणाली. "धंदो बुडयलंस त्येच्या भावापायी. तो काय लगीन करतलो तुझ्याशी?"

"आये!"

"आये काय? मी आंधळी नाय. ह्या घरात शनवारीच कोणाची कंगव्यार झडप पडता ता माका दिसता."

त्या शनिवारी तो आला, पण शर्ट घालून उभा राहिना. विकायला तसं फारसं काही नव्हतंच. मेरेवर बसला आणि गवताच्या काड्या तोडत राहिला.

"काय झाला?"

"भाईनी सगळ्यांसमोर सांगितल्यानी." तो काडीकडे बघत बोलत होता. "क्रिया झाली की वयनीचा बघूक होया. घरची सून घरात ऱ्हवली तर बरा, ती खंय जातली? आणि सर्वेशाचा लगीन तसा होवचाच आसा."

मळ्यात वारा नव्हता. तरी दोरीवरचा एक शर्ट हलला, किंवा मला तसं वाटलं.

"तू काय म्हटलंस?"

"काय म्हणतलंय? आवस समोर बसलेली. वयनी चुलीकडे, तिचा तोंड दिसाक नाय." मग मान वर न करता, हळूच, "गौरजा... तो शर्ट येवक नाय, म्हणान सांग."

"निघालो थंयसून."

"येऊदे. तू ठेव. पोस्टात हरवलो म्हणान सांग. शर्ट नाय तर क्रिया नाय. क्रिया नाय तर... दादा जितो. जित्या माणसाची बायल कोण कोणाक देणार नाय."

सगळं बरोबर जुळत होतं. एका शर्टाने तो माझा राहणार होता. मी त्याचे हात पाहिले. काड्या तोडून तोडून बोटं हिरवी झाली होती. मला त्या बोटांवर हात ठेवायचा होता. ठेवलाही. पण हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या मोटरसायकलचा आवाज नदीपर्यंत ऐकू येत राहिला.

पार्सल आलं. मी ते फोडलं नाही. आईने उचलून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वळयात घाल, गाठोड्यांच्या मागे. कोण इचारता?"

आई कपटाने बोलणारी बाई नाही. मुलीचं चांगलं व्हावं एवढंच तिचं गणित. माझंही तेच होतं. फक्त माझ्या गणितात ती खुर्ची येत होती. रोज सकाळी तिच्यावर इस्त्रीचे कपडे, रोज संध्याकाळी पुन्हा घडी. आता कपाट रिकामं. मग काकी खुर्चीवर काय ठेवत असतील? आणि ती किशोरी, दुबईतल्या नवऱ्याचं खोटं सांगताना जिचा आवाज जराही हलला नव्हता... तिने ते किती वेळा मनात घोकलं असेल? कुंकू लावायचं तेही कोणासाठी, पुसायचं तेही कोणाच्या सांगण्यावरून.

एका माणसाला अडकवून ठेवून दुसरा आपल्याजवळ ठेवायचा. हा सौदा मला जमला नाही. चांगुलपणा म्हणाल तर तसं काही नाही. एवढंच, की पुढे सर्वेशच्या अंगात कुठलाही शर्ट घालताना मला हा आठवला असता.

मी दुपारची एसटी धरली.

*

काकी पडवीत बसल्या होत्या. खुर्ची होती, तिच्यावर काहीच नव्हतं. मी पार्सल फोडून शर्ट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी आधी कॉलर पाहिली. पांढऱ्या धाग्यावर अंगठा फिरवला. मग शर्ट तोंडाजवळ नेला आणि श्वास आत घेतला. पुन्हा घेतला.

"ह्येका त्येचो वास येणा नाय."

"काकी, मी... धुतलंय तो. विकूच्या आधी सगळेच धुतंय."

"कित्याक?"

"मळको होतो."

"माझ्या झिलाचो वास होतो तो," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढवला नाही. "तू मळ म्हणतंस."

घरात वळून त्यांनी हाक मारली, "भाईक सांगा. शर्ट इलो." आणि मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मागच्या दाराने बाहेर पडले तर विहिरीवर किशोरी. तिने मला ओळखलं. मीही तिला. हातातला राजू, कळशीचा दोर, सोडून ती म्हणाली, "दुबईसून शर्ट इलो?"

मला वाटलं टोमणा आहे. पण तिचे डोळे भरले होते, आणि ओठ मात्र थोडेसे हसत होते. हसू आणि रडू एकाच तोंडावर मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"तू आणलंस तर बरा केलंस गो," ती म्हणाली. "खोटा बोलून बोलून जीव थकलो."

"पण तुझा... भाई म्हणतात..."

"माका कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "तुका तरी कोणी इचारल्यान?"

पुतळा नदीच्या काठावर जाळला. बायकांनी जायचं नसतं. मी अलीकडच्या तीरावर आमच्या आंब्याखाली उभी होते. मला एवढंच दिसलं, की एक धुराची रेघ सरळ वर गेली आणि डोक्यावर केस नसलेला एक माणूस पाण्यात उतरून बराच वेळ बाहेर आला नाही. मग आला.

*

तेराव्याला आम्हाला बोलावणं होतं. आई म्हणाली, "शर्ट तू नेलंस, जावक होया." आम्ही दोघी गेलो. जेवणं आटोपली, पानं उचलली, पाहुणे पडवीत सुपारी कातरत बसले. बायका आतल्या दाराशी. भाईंनी घसा खाकरला. असला विषय काढायला माणसं नेहमी भरल्या पोटाची वेळ का निवडतात, देव जाणे.

"जावचो तो गेलो," भाई म्हणाले. "आता उरल्याचा बघूक होया. किशोरी घरची सून. सर्वेश काय परको नाय. वरीस गेला की घरातल्या घरात, चार माणसांत. काय रे सर्वेश?"

मी सर्वेशकडे पाहिलं नाही. दाराच्या चौकटीकडे पाहत राहिले. चौकटीवर हळदीचे जुने हात उठलेले होते.

"माका जमाचा नाय, भाईनू," सर्वेश म्हणाला.

"मगे वयनीक रस्त्यार सोडतलंस?"

सर्वेशने मान खाली घातली. ते मला सगळ्यात जास्त लागलं. कारण भाई वाईट माणूस नव्हते. प्रश्न खरा होता.

तेव्हा किशोरी बायकांतून उठली. पडवीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं.

"भाईनू, भावजींनी लहानपणापासून ह्यांचेच कपडे घातल्यानी. आता ह्यांची बायलपण तेंच्याच अंगार घालतास? थोरल्याचो उरलो म्हणान धाकट्याक? मी काय तुमच्या ट्रंकेतलो कपडो?"

कोणाचातरी अडकित्ता हातातच थांबला.

"तेंका मी भाऊ म्हणान वाढलंय. तेंच्या पानात पयली भाकरी घातलंय. मी ओरोसाक मुलींच्या वसतिगृहात रांदपाक जातंय, सोमवारसून. बोलून इलंय मी. माझा बघूचा माझा मी बघतलंय."

भाईंनी सुपारीचं तबक थोडं पुढे सरकवलं आणि पुन्हा मागे घेतलं.

मला वाटलं, संपलं. छातीवरचं काहीतरी उतरलं. आणि नेमकी तेव्हाच मथुराकाकींनी मान वर केली. त्यांनी किशोरीकडे पाहिलं नाही, सर्वेशकडे नाही. बायकांच्या घोळक्यातून त्यांनी मला शोधून काढलं.

"माझो झिल वाहून गेलोलो," त्या म्हणाल्या. "मरूक नव्हतो. ह्या चेडवान शर्ट हाडल्यान आणि माझो झिल मेलो."

"आई..." सर्वेश उठला.

"हिच्या हातचा पाणीसुद्धा माका नको."

माझ्या आईने माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. नदीच्या कॉजवेवर ती थांबली, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाली, "आवस ती. दुसरा काय म्हणतली?"

*

मग बरेच दिवस तो आला नाही. मी कपड्यांची दोरी उतरवली. चांगले होते ते अनाथाश्रमात दिले, बाकीच्या गोधड्या शिवायला घेतल्या. गोधडीला कोणी विचारत नाही, कोणाच्या अंगातलं कापड आहे म्हणून. ॲपवर त्या टाकल्या. एक गेली. मग दुसरी.

वैशाखातल्या एका सकाळी मी पडवीत दोरा ओवत बसले होते. मेरेवर मोटरसायकल थांबली. डोक्यावर बोटभर केस आलेले, मिशी अजून नाही. सोललेल्या शहाळ्यासारखं ते डोकं बघून मला हसू आलं आणि तेही डोळ्यांतून आलं.

"बस," मी म्हटलं.

तो बसला नाही. "वयनी बरी आसा. पयल्या पगाराची साडी आवशीक धाडल्यान."

"आणि आवस?"

"साडी घेतल्यान. नेसूक नाय. रात्री उठान बसता. दादाक हाक मारता. कधी माका दादा समजता, मगे मी ओ देतंय."

मी सुई कापडात टोचून ठेवली.

"घरात वरीसभर कार्य होवचा नाय," तो म्हणाला.

"म्हाईत आसा."

"घरात रडाचा माणूस आसा. पैसे जेमतेम. ओरोसचा कंत्राट कधी बंद होयत सांगता येणा नाय."

"म्हाईत आसा."

"तरीपण इचारतंय..."

"मगे इचार. अर्ज वाचून दाखवल्यासारखा नको."

तो पायरीवर खाली बसला, माझ्या पायांशी. मान वर केली. ऊन त्याच्या तोंडावर होतं, पण त्याने डोळे मिटले नाहीत.

"गौरजा, माका तू होया. दुसरा कोणाचा उतारलेला नाय, माझा मी मागतंय... येतलंस?"

मी किती ठिकाणी घासाघीस केली आहे, किती घरांतून पाय मागे घेतला आहे. हे घर मी आतून पाहिलं होतं. एक रिकामी खुर्ची, एक म्हातारी, आणि माझ्या नावावर एक मरण. सगळं माहीत असून मी उत्तर दिलं तेव्हा माझा आवाज माझाच राहिला, याचं मला नवल वाटलं.

"येतलंय."

त्याने माझा हात घेतला. सुई टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झाली होती, त्यांवर त्याने आपलं कपाळ टेकवलं. बराच वेळ तसाच राहिला. मग कपाळ न उचलताच म्हणाला, "आवस तुझ्या हातचा पाणी घेवची नाय."

"मी कळशी भरून ठेवतलंय," मी म्हटलं. "तिका घेवचा वाटात तेव्हा घेयत."